तेराव्या दिवसाचा उंबरा

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि मला कधी लिहिता येईल हे तुझ्या सपनातही नव्हतं. म्हणून एवढी वर्षं तुला काही लिहावं असं सुचलंच नाही. परवा नांदूरघाटाजवळच्या त्याच पाटलांच्या घरी बाळंतपण करून आले. तेच घर, जिथं तू बारा दिवस मागच्या दारानं जायचीस आणि तेराव्या दिवसापासून तुझी सावलीही ओट्यावर चालायची नाही. तिथून आल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. सांगावं असं माणूस नाही, आणि ज्याला सांगेन तो उद्यापासून मला दारात उभी करणार नाही. राहता राहिलीस तू.

आपण मांग, आणि गावातली पाटला-देशमुखांपासून सगळ्यांची पोरं मांगिणीच्याच हातावर यायची. बाळंतिणीची सोयर, म्हणजे घरच विटाळलेलं. विटाळलेल्या घरात विटाळलेल्या बाईला जायला मोकळीक, असा त्यांचा हिशोब. बारावी न्हाणी झाली की घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं, आणि दाईला उंबरा बंद. त्या घरच्या सुनेचं पहिलं पोर निळं पडून आलं होतं, रडेना. तू त्याच्या तोंडाला तोंड लावून घाण ओढलीस, थुंकलीस, आपल्या छातीतला वारा त्याच्या छातीत घातलास. तेव्हा तुझ्या तोंडाचा विटाळ कुणाला आठवला नाही. पोर रडलं तशी तिची सासू म्हणाली, "दाई, तू देव हायस देव." हे तू घरी येऊन हसत सांगितलंस. देव म्हणे. बारा दिवसांचा देव.

तू दिवस मोजायचीस ते जोंधळ्यानं. बाळंतपण झालं की देवळीत बारा दाणे मांडायचे, रोज सकाळी निघताना एक उचलून कोंबडीला टाकायचा. देवळी रिकामी झाली की त्या घराकडं बघायचं नाही. त्या खेपेला मी झाडू मारत होते आणि देवळीखाली एक दाणा दिसला. मला वाटलं, मायचा दाणा पडला, आता तिची मोजदाद चुकंल. मी तो उचलून वर ठेवला. दळणातला सांडलेला दाणा होता तो. मी दहा वर्षांची होते आणि शहाणपणा करायची मला लई हौस.

तेराव्या दिवशी तू बारावा समजून निघालीस आणि मी तेलाची वाटी घेऊन तुझ्या मागं. आदल्या दिवशी बारावी न्हाणी झाली होती, पण ती तुझ्या लेखी अकरावी. घरच्यांनीही काही बोलून दाखवलं नाही. दाईला कुठं सांगावं लागतं, तिला ठावंच असतं. सकाळची वेळ, मागचं दार उघडं, पाळण्यातलं पोर रडत होतं. तू नेहमीसारखी आत गेलीस आणि त्याला उचलून छातीशी धरलंस. जमीन नुकती सारवलेली, ओली. दारापासून पाळण्यापर्यंत तुझी सगळी पावलं उमटली. तीच सासू, पाटलीण, आली, तिनं आधी पावलं बघितली, मग तुला. "ही कावून आत आली? आज बारसं हाय, अन् हिनं घर बाटवलं." तुझ्या हातातून पोर घेतलंही नाही, म्हणाली खाली ठेव. मग एका पोरीकडून उचलवून अंगणात नेलं आणि पौषातल्या गारठ्यात आडाच्या पाण्यानं त्याला धुवायला काढलं.

माय, ते तुला काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही, तुला पाठ असंल. तू अंगणाबाहेर मातीत लोळण घेऊन एकच बोलत होतीस, "मला मारा मालक, पण लेकराला गार पानी नगा घालू. बारा दिसाचं हाय. पानी कोमट करा, तुमच्या पाया पडते." त्यांनी गारच घातलं. तुझ्या हातांचा विटाळ धुवायची त्यांना एवढी घाई झाली होती. तुझी पावलं जिथं उमटली होती तिथली माती त्यांनी खणून बाहेर फेकली. पोर जगलं, पण तुला परत कुणी बोलावलं नाही. केजकडची दुसरी दाई आणली. तू दोन वर्षं रिकामे हात मांडीवर घेऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "माझीच मोजदाद चुकली गं. म्हातारी झाले म्या." तुझी पस्तिशीही झाली नव्हती. त्या दाण्याचं माझ्या ओठावर यायचं आणि मी गिळून टाकायची. तू गेलीस तेव्हाही गिळलं.

पुढं मावशीनं मला मिशनच्या गोऱ्या बाईंच्या दवाखान्यात पोचवलं. तिथं अक्षरं शिकले, कात्री उकळायला शिकले. बाळंतपणाला गेले त्या पहिल्या गावात मी कोण ते खरं सांगितलं. त्यांनी मला लिंबाखाली बसवलं, मला पाट द्यायचा की दगडावरच बसवायचं यावर बाप्यांची चर्चा चालली, आणि आत अडलेली बाळंतीण ओरडत होती. तिचा आवाज बंद झाला तेव्हा म्हणाले, आता जा. तिथून निघाले ती परभणीकडची मराठ्याची विधवा होऊनच. दुसऱ्या गावापासून मला पुढच्या दारानं घेतात, ताईसाहेब म्हणतात, आणि बाया जगतात. हात तेच आहेत. बोटानं चाचपायचं तूच शिकवलेलं आहे.

तर आता त्या घरचं सांगते. ज्याच्या तोंडात तू वारा घातलास तो आता बाप झाला. त्यानंच मला आणायला बैलगाडी जुंपली, चांगला आडमाप वाढलाय. ती पाटलीण कधीच मेली. त्या वेळची सून आता घरची सासू. बारा दिवस मी पोराला तेल लावत होते आणि ती समोर बसून माझ्या हातांकडं बघायची. बाराव्या दिवशी म्हणाली, "अंगठ्यानं टाच दाबायची ही तऱ्हा म्या एकदाच बघितलीय. आमच्याकडं एक मांगीण यायची. लई गुणाची. ह्याला तिनंच जगवला. मग घर बाटवलं म्हणून तिला हाकलली." तिनं पोराचं दुपटं सारखं केलं. "म्या बाजेवर पडून समदं बघत व्हते. एक शब्द बोलले न्हाई. सासूचा धाक. पन आता सासू न्हाई तरी बी कुनाला इचारलं न्हाई मी, ती कुठं गेली. ताईसाहेब, तुमी गावोगाव फिरता. तुमच्या कानावर आलंय काही?"

माय, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फक्त 'ती माझी माय' एवढं म्हणायचं होतं. पोर माझ्या मांडीवर होतं, तेल कोमट होतं, दार उघडं होतं. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं, की आता हे पोर माझ्या मांडीवरून उचलून आडावर नेतील. रडणाऱ्या बाईचा काय भरवसा. मी म्हणाले, "न्हाई. आमच्या परभणीकडं असंच चोळतात."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तेराव्या, त्यांनी मला बारशाला ठेवून घेतलं. जमीन सारवलेली, ओलीच होती. मी उंबरा ओलांडून आत गेले, माझी पावलं उमटली, आणि कुणी वळूनही बघितलं नाही. चुलीपाशी पाट मांडला, घरच्या सासूनं स्वतः वाढलं.

हा कागद कुठं टाकणार. पेटीत कात्र्यांच्या खाली ठेवते. दाणा मी ठेवला होता माय, तुझी मोजदाद बरोबर होती. आणि आणखी एक, तुझ्यापासून काय लपवायचं. त्यांच्या चुलीपाशी बसून खाल्लेली ती पुरणपोळी मला गोड लागली. मी दुसरी मागून घेतली.