रिसॉर्ट फी, माणशी

४ डिसेंबर, गुरुवार
केतकीचा फोन. जावई निखिल, नात सई, तिघंही येताहेत. पण सोलापूरला नाही. टोरांटोहून मुंबई, तिथून थेट कुडाळ, निखिलच्या आईवडिलांकडे. "बाबा, सईला त्यापुढे आणखी एवढा प्रवास नाही झेपणार." मग, "आणि आई नसताना त्या घरात... मला नाही जमणार अजून."
मला जमतं. दोन वर्षं जमवतोय.
शेवटी ठरलं, रत्नागिरीच्या पुढे समुद्रावर कुठंतरी भेटायचं. शुक्रवार ते रविवार. मागून जावई म्हणाले, खोल्या मी बघतो. म्हटलं छे, ते माझ्याकडे. लेक बापाकडे आल्यासारखं व्हायला पाहिजे ना. जागा का कुठली असेना.

६ डिसेंबर, शनिवार
दिवसभर चष्मा आणि मोबाइल. सगळ्या फोटोंत तेच निळं पाणी, त्याच पांढऱ्या छत्र्या. एक पसंत पडलं. भाव बरा. पुढच्या पानावर कर. ठीक. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात : रिसॉर्ट फी हॉटेलवर वेगळी भरावी.
खोलीचं भाडं म्हणजे रिसॉर्टचंच ना? की खोली रिसॉर्टच्या बाहेर आहे?
मागे जाऊन पुन्हा आलो तर भावच बदललेला. बंद केलं. सुनंदा असती तर म्हणाली असती, द्या इकडं तो फोन.
सकाळचीच आमटी संध्याकाळी.

७ डिसेंबर, रविवार
नवी पेठेत रशीदकडे. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, माझा फोन त्याच्याच जिवावर चालतो. हसला. "काका, पैले सस्ता दिखाना पडता ना. तबीच आदमी अंदर आता. बाद में एकेक निकालते."
त्या फीत काय काय येतं ते वाचून दाखवलं त्यानं. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, वायफाय, तलावावरचा टॉवेल. सगळी नोकरी चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघण्यात गेली, आता अंग पुसायचे वेगळे पैसे.
दुसरीकडे बघितलं, तिथंही तेच. केलं बुकिंग. शेजारशेजारच्या दोन खोल्या.
"कौन आरा काका?"
"लडकी."
"फिर घर कू काय कू नै?"
गिऱ्हाईक आलं म्हणून उत्तर टळलं.

९ डिसेंबर, मंगळवार
इंग्रजीत मेल आली. फी खोलीमागे नाही, माणशी. आणि दर रात्रीची. सईला पाच पूर्ण, म्हणजे तिचीही अख्खी. बुकिंगवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मुलगी आधी घडाघडा इंग्रजीत बोलली. मी मराठीत विचारल्यावर थांबली.
"काका, तुमी सोलापूरचे व्हय? बोलण्यावरनं वाटलंच. मी मोडनिंबची."
अश्विनी. पुण्यात बसते. चांगलं समजावून सांगितलं. भाडं खोलीचं, फी माणसांची.
"आणि आम्ही पाण्यात उतरलोच नाही तर?"
"तरी द्यायचीच की काका. लई जण ह्यावरनंच भांडत्यात आमच्याशी."
मग तिनंच विचारलं, कोणकोण चाललंय. सांगितलं. केतकी, जावई, सई. सई मला फोनवर 'सोलापूरआबा' म्हणते, एका शब्दात, तेही सांगितलं. तिकडून हसली.
फोन ठेवला तर घसा बसलेला. या आठवड्यात एवढं कुणाशी बोललोच नव्हतो बहुतेक.

१० डिसेंबर, बुधवार
नाश्ता फीत धरलाय का विचारायला परत फोन. कुणी पुरुष होता. धरलेला नाही म्हणाला. अश्विनीला द्या म्हटलं. "सर, असं कुणाला जोडून देता येत नाही."

१२ डिसेंबर, शुक्रवार
आज अश्विनी लागली फोनवर. किनाऱ्यावरच्या खुर्च्यांचं वेगळं पडतं का विचारलं. नाही म्हणाली. मग सईला रात्री तलावावर जाऊ देतील का. मग गरम पाणी. मग तिनंच आवाज अगदी खाली आणून,
"काका, एक सांगू? राग नका मानू. आमचे कॉल वरचे लोक ऐकत्यात. तुमच्या शंका संपल्यात आता. नुस्तं बोलायला फोन केला तर मला बोलणी बसत्यात."
सॉरी म्हणालो.
"तसं न्हाय ओ काका..."
मीच ठेवला.
तिचं काही चुकलं नाही. तरी बराच वेळ तसाच बसलो, फोन हातात. दूध उतू गेलं ते वासावरून कळलं.

१४ डिसेंबर, रविवार
ते कुडाळला पोचले. मेल केतकीला पाठवून ठेवली होती, तिनं आज वाचली. "बाबा, रिसॉर्ट फी! तिकडे कॅनडा-अमेरिकेतपण हेच करतात, मी नेहमी आधी बघून घेते. रद्द करून टाका, परवापर्यंत मुदत आहे." आणि खरं ते त्याच्या मागोमाग : निखिलच्या वडिलांनी गोव्यात सगळ्यांसाठी त्याच तीन दिवसांचं बुकिंग केलंय. तुम्हीही तिकडेच या. "तिथं सगळं धरून आहे. वेगळं काही नाही द्यायचं."
जसा काही मी फीसाठी अडलोय.
म्हटलं, बघतो.
"तुमचं बघतो म्हणजे नाही."
व्याही भले आहेत. भेटले की हात दोन्ही हातांत घेतात, ताटात आग्रहानं वाढतात. पण तिथं मी पाहुणा. केतकी सगळ्यांचं हवं-नको बघत फिरणार, जाता-येता 'बाबा, बरंय ना?' विचारणार, आणि मी बरंय म्हणणार. तीन दिवस बरंय म्हणून परत यायचं...

१६ डिसेंबर, मंगळवार
रद्द करायचं पान उघडलं. लाल बटण. नक्की का, म्हणून विचारतं. तसंच ठेवून केतकीला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
"मी रद्द करत नाहीये. तू ये. एक दिवस ये. एकटी आलीस तरी चालेल."
"बाबा, असं कसं... सगळे काय म्हणतील?"
"मला तुझ्या आईबद्दल बोलायचंय. इथं माझ्याजवळ कुणीच नाही तिच्याबद्दल बोलायला. लोक विषय बदलतात. तूही बदलतेस."
मागं सईचं कार्टून चाललेलं.
मग, "बघते बाबा."
माझाच शब्द. तिच्या तोंडून त्याचा अर्थ काय धरायचा कळेना. पोळ्या करायला घेतल्या. मुदत टळून गेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार
पोचलो. रात्रभर एस.टी., अंग आंबलंय. समुद्र फोटोतल्यापेक्षा लांब आहे, पण आहे.
काउंटरवर कोट घातलेले गृहस्थ, सभ्य. "सर, बुकिंग चौघांचं दिसतंय. बाकीचे?"
"येतील."
"मग आत्ता तुमच्या एकट्याचीच फी भरा. ते आले की त्यांची घेऊ. एकदा भरली की परत मिळत नाही."
बरोबरच सांगत होते. अश्विनीनंही हेच सांगितलं असतं.
"चौघांची घ्या," म्हणालो.
"सर, पण आलेच नाहीत तर—"
"घ्या हो तुम्ही."
मनगटावर बांधायच्या निळ्या कागदी पट्ट्या दिल्या, चार. एका हातानं मला माझी बांधता येईना. काउंटरच्या बाहेर येऊन त्यांनीच बांधून दिली. कुणाचा हात लागला की किती वेळ जाणवत राहतो.
केतकीला कळवलं, पोचलो. दोन निळ्या टिका. उत्तर नाही.
शेजारची खोली उघडून बघितली. चादरी ताणून घातलेल्या. पंखा लावला, बंद केला, कडी लावली.

२० डिसेंबर, शनिवार
सकाळी मेसेज. "निघतेय. सईला घेऊन. निखिल नाही. मध्ये रेंज नसेल." तीनतीनदा वाचला. दाढी केली. नवा शर्ट.
नंतर दुसरा. "सईला उलट्या होताहेत. थांबलोय. पुढं यायचं की परत फिरायचं बघतेय."
लिहिलं, परत जा, पोरीचे हाल नकोत. पुसलं. लिहिलं, सावकाश ये. तेही पुसलं. शेवटी 'सईला लिंबू दे' एवढंच पाठवलं. एकच टीक पडलीय. फोन लागत नाही.
जेवणघर बंद व्हायला आलं तेव्हा वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, दोन ताटं राखून ठेवाल का. मऊ भात आणि ताक, एक लहान मुलगी आहे.
"कधीपर्यंत ठेवू काका?"
"ते माहीत नाही."
"राहू दे मग. झाकून ठेवते."
आता तलावाच्या कडेला बसून लिहितोय. पँट दुमडून पाय पाण्यात सोडलेत. इथून गेट दिसतं. गाडी वळून आत आली की उठून उभा राहतो. फरशीवर ओल्या पायांचे ठसे उमटतात, परत बसेपर्यंत वाळतात. आत्ता आणखी एक आली. पांढरी. काचेवर ऊन आहे, आत कोण आहे ते इथून दिसत नाही. वही ठेवून उठतो.