उतारावरच्या गाडीबाबत खुलासा

प्रिय छकुलीस,

मी, तुझा बाप, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा धंदा मालट्रक चालवणे, सध्या घरी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता (तुझ्या आईचा दबाव यात धरलेला नाही) लिहून कळवतो की, तू पाठवलेली विजेची मोटरसायकल खराब आहे, ती न्यायला माणूस पाठव, असे जे मी बुधवारी फोनवर ओरडून सांगितले, त्याचा खुलासा करणे आहे. माणूस सोमवारी येणार. शेजारचे शिंपी उद्या तुझ्याच गावी निघाले आहेत, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देत आहे.

गाडी आली त्या दिवशी मी तिला नावे ठेवली, हे तुझ्या कानावर आलेच असेल. गिअर नाही, आवाज नाही. आपले घर टेकडीच्या माथ्यावर, उतारावर हिला धरणार कोण? भरलेला ट्रक मी जन्मभर खालच्या गिअरमध्ये उतरवला. इंजिनच गाडीला मागे ओढते, ब्रेक अडीनडीला राखून ठेवायचा. परंतु पहिल्याच उतारावर वेगाची मूठ सोडली आणि ही गाडी आपली आपण मंदावली, जणू कोणी मागून सदरा धरला. ब्रेकला बोट लावावे लागले नाही, आणि खालच्या चौकात पोचेपर्यंत बॅटरी उलट वाढलेली! मी पुन्हा वर गेलो व पुन्हा उतरलो. हे कोणास सांगितले नाही. तोंडावर कौतुक करण्याची माझी पद्धत नाही.

बुधवारी तुझ्या आईच्या डोळ्याची पट्टी काढण्यास पायथ्याच्या दवाखान्यात जायचे होते. ‘बाबा, ऐंशीच्या वर चार्ज करू नका, आपण माथ्यावर राहतो,’ असे तू बजावले होतेस. परंतु टाकी काठोकाठ भरल्याशिवाय मी कधी ट्रक हलवला नाही. त्यात मागे तुझी आई बसणार. अर्धपोटी गाडी काढणे मला शोभले नसते. शंभर टक्के भरली. पहिल्या वळणावर मूठ सोडली, तर गाडी धावतच सुटली. मागे तुझी आई एका डोळ्याने घरातल्या नव्या पडद्यांचा रंग ठरवत होती. म्हणाली, “अहो, आज वारा फार लागतोय. घाई आहे का?” मी “गप्प बैस” म्हणालो. दोन्ही हातांनी ब्रेक थोडा दाबत, थोडा सोडत गाडी खाली आणली. दवाखान्याच्या दारात उतरताच मी आधी चाकाखाली दगड लावला. ती म्हणाली, “पुढच्या वेळी भ्यायचं असेल तर सांगून भ्या, म्हणजे मीही जरा भिऊन घेईन.” तेथूनच मी तुला फोन केला.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या दुकानातली मेकॅनिक मुलगी आली. सारे ऐकून हसली. “आजोबा, मूठ सोडली की मोटर वीज करते आणि बॅटरीला भरवते, त्या ओढीनं गाडी थांबते. पण तुम्ही तिला घरूनच पोटभर जेवू घालून आणलीत! आता ती घास घेईल कुठून?” मी तिला चहा दिला. काल ऐंशीवर ठेवून तुझ्या आईला पुन्हा खाली नेले. प्रत्येक वळणावर गाडीने धरले. जीव भांड्यात पडला.

एवढ्यासाठी फोन पुरला असता. पुढचे मात्र फोनवर बोलवत नाही. जुनी मोटरसायकल मी ‘आता फिरायची हौस नाही’ म्हणून विकली, असे सर्वांस सांगितले. ते खरे नव्हते. माझ्या उजव्या पायाने ब्रेक दाबला जाईना. तू पाठवलेल्या गाडीत दोन्ही ब्रेक हातात आहेत, पायाकडे काहीच नाही. तू विचारले नाहीस, बोलली नाहीस. शोधून तशीच गाडी पाठवलीस. हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. तरी माणूस पाठवू नये. गाडी मला हवी आहे.

तुझाच,
बाबा

लिहितेवेळी हजर साक्षीदार: शेजारचे शिंपी, जे पत्राची घडी होईपर्यंत उंबऱ्यावर ताटकळले, आणि तुझी आई, जिने हे सर्व आपल्या दोन्ही डोळ्यांनी वाचले व ‘गप्प बैस’ हे शब्द खोडू दिले नाहीत.