थांबण्याची विनंती

सोमवार, ४ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस अपेक्षेहून सुखद गेला. खिडकीलगतचे टेबल मिळाले. कार्यालय मेहुण्याचे; माझ्या पत्नीच्या निधनानंतर त्यानेच आग्रह धरला, की दाजी, घरात बसून गंज चढेल, या आमच्याकडे. माझ्या भाषेमुळे सहकाऱ्यांनी दुपारपर्यंत मला ‘पंतोजी’ ठरवूनही टाकले. सकाळी दारातच छाती धडधडली, तेव्हा पत्नीची जुनी युक्ती कामी आली: श्वास घ्या, धरा, मी सांगेन तेव्हा सोडा.

काम सोपे आहे. ग्राहकांच्या फोनला उत्तरे देणारा प्रोग्राम बंद केला, तरी त्यातला एक थ्रेड, म्हणजे मागच्या मागे स्वतंत्रपणे चालणारे एक काम, थांबत नाही; तो थांबवायचा. थ्रेड बळाने मारू नये. त्याने जे धरलेले असते, ते मग कधीच सुटत नाही. थांबण्याची विनंती ठेवावी. हातचे उरकून तो आपणहून थांबतो.

बुधवार
विनंती ठेवली. बाकीचे थ्रेड मुकाट्याने थांबले; हा ढिम्म. मेहुणा हसून म्हणाला, की दाजी, आम्हा साऱ्यांना त्याने भीक घातली नाही, तुमचे मात्र ऐकेल. माझेच का, हे त्याने सांगितले नाही.

गुरुवार
तो कशात अडकला आहे, हे कळावे म्हणून हेडफोन लावला. पलीकडे एकही ग्राहक नव्हता. तरी एक स्त्री बोलत होती. ‘अहो’ म्हणण्यापूर्वीचा तो बारीक खोकला — माझ्या पत्नीचा.

शुक्रवार, सकाळ
मेहुण्याला जाब विचारला. नजर चुकवून म्हणाला, की ताईच्या आजारपणात तासन्‌तास तिचा आवाज भरून घेतला. ग्राहकांना गोड वाटतो. ताईला सारे ठाऊक होते. दाजींना कळू देऊ नकोस, असे तिनेच बजावले होते.
तिनेच.
मी तिच्या उशाशी बसे. ती मला औषधे आणायला पाठवी, आणि मागे —

शुक्रवार, दुपार
पुन्हा हेडफोन. माझा संताप तिला कसा कळला — अहो, शांत व्हा, म्हणाली. श्वास घ्या. घेतला. धरा. धरला.
मग वाटले, या आवाजाचे का ऐकावे? थ्रेड बळाने मारला.

श्वास सुटत नाही.
तोंड उघडे आहे — छाती भरलेली — थ्रेड पुन्हा सुरू करतो — होत नाही —
मेहुणा काचेपलीकडे. हात हलवला. त्यानेही हसून हलवला —
धरलेले कधीच — नाही — सांग ना — एकदा सोडा म्हण, फक्त एकदा सो