लाल टोपी आणि दादाचे दोन वाटे

१४ जानेवारी
ओरांडा गोल्डफिशच्या मादीने अखेर मनावर घेतलं. तीन वर्षं नुसती खाऊन फुगत होती. अंडी चिकटायला दादाच्या रापणीच्या जाळ्याच्या जुन्या दोराचा तुकडा उसवून टाकीत सोडला होता. सकाळी त्याच्यावर खसखस पेरल्यासारखी अंडी!
सुमनला हाक मारून दाखवली. म्हणाली, "खावक नाय तो मासो कसलो?" आणि बांगडे साफ करायला गेली. बायको मालवणची. तिला मासा कळतो तो तव्यावरचा.

१९ जानेवारी
पिल्लं पोहू लागली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देतोय. पलीकडच्या अंगणातून दादा आला, बराच वेळ बघत राहिला. थोरला भाऊ, जन्म किनाऱ्यावर उभं राहून रापण ओढण्यात गेला. "माणसां अंडी खातत, मासे खातत. तू माशांका अंडी घालतस," म्हणाला. त्याला काय समजावणार.

१२ फेब्रुवारी
निवड. जोडशेपटीची ठेवायची, एकशेपटीची काढायची. निम्म्याहून जास्त एकशेपटी. आपल्या गावासारखंच. पोरांना सदतीस वर्षं विज्ञान शिकवलं, निकाल असाच लागायचा. पण तिथे काढून टाकायची सोय नव्हती.
काढलेली बादलीत घातली. दादा: "जित्ये टाकतस? माका दी. बावीत सोडतंय, डास तरी खातले." नेली बादली. असल्या माशांना त्याची विहीर म्हणजे चैनच.

५ एप्रिल
रंग फुटायला लागलेत. बहुतेक नारिंगी, एक-दोन ठिपकेदार. आणि एक!! अंग दुधासारखं, डोक्यावर तेवढी लाल टोपी, बरोबर मध्ये, कुठे डाग नाही. शेपटी चार पदरी. असं पिल्लू हाताखालून जावं म्हणून तर एवढी वर्षं हा उपद्व्याप. यापुढे ला. टो. म्हणायचं. सुमनला सांगितलं नाही. कालवण कसं करायचं ते विचारील.

१७ एप्रिल
तारकर्लीच्या एका लॉजचा मालक आला. काउंटरवर ठेवायला 'लकी' मासा हवा. कुठे ठेवणार विचारलं तर खिशातून लोणच्याची रिकामी बरणी काढली! बरणीसकट घालवला.

२१ मे
दुपारी वादळ. तारेवर माड पडला, लाइट गेली. हवेचा पंप बंद. इन्व्हर्टर संध्याकाळीच बसला. दुकानदार म्हणाला होता, "सर, डोळे मिटून घ्या." तसाच घेतला, दुसरं काय.
पिल्लं वर येऊन तोंडं उघडतायत. तांब्याने पाणी उचलून वरून ओततोय. हात भरून आले.

२२ मे
लाइट नाही. दादा न बोलावता आला, तांब्या हातातून काढून घेतला. "तू पड वायच." दिवसभर आळीपाळीने ओतलं. तो ओतताना रापणीत दोर ओढताना घालतात तशी हाळी घालतो. टाकीतल्या माशांना! हसू आलं. पण मी तांब्या टाकून मधेच बसायचो, तो नाही बसला.

२३ मे
संध्याकाळी लाइट आली. पाचसात गेली, बाकी सगळी जिवंत. ला. टो. जिवंत. दादाला चहा दिला, आणि मनापासून आभार मानले. उगाच मानले. तोंड वर करून म्हणाला, "माजे वाटे कदी घालतस?"

२४ मे
दादाचा हिशेब असा. रापणीत दोर ओढणाऱ्याला एक वाटा, जाळ्याच्या मालकाला एक. अंडी धरली त्याच्या दोराने, तो एक वाटा. तांब्या मारला, तो दुसरा. मी पण मारला, म्हणून मला एक. "आणि मासे माझे त्याचं काय?" "मासो दर्याचो असता. तेका मालक नसता."
अडाणीपणालाही काही मर्यादा! सुमनला म्हटलं, तूच सांग. ती शांतपणे: "बरोबर आसा भावजींचा. हात मारलो तर वाटो मेळाक व्हयो." फितूर. सासरच्या माणसांची बाजू आजच सुचली हिला.

२५ मे
वाटे घातले. तीन पातेली. ला. टो. मी आधीच मगात काढून फडक्याखाली ठेवला होता. दादाने फडकं उचललं. "वाट्याआदी उचललेलो मासो म्हंजे चोरी. किनाऱ्यार असता तर मार खाल्लो असतस." मग ओतला मधल्या पातेल्यात.
रीत अशी की एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवायचं, पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. पाठ फिरवली सुमनने. दादाने मधल्या पातेल्यावर बोट ठेवलं. "ह्यो कोणाचो?"
"भावजींचो."
मी म्हटलं, माझं सगळं पातेलं घे, तेवढा एक दे. "वाटो बदलूचो नसता," म्हणाला आणि दोन्ही पातेली विहिरीत उपडी केली. ला. टो. त्या एकशेपटी गर्दीत! जेवलो नाही. डोळ्यांत पाणी आलं. माशासाठी रडणारा माणूस या गावात मीच.

३० जून
रापण बंद, दादा घरी. रोज विहिरीवर जातो मी. तो समजून आहे. "दिसता कदी कदी," एवढंच सांगतो. कधी, कुठे, काही नाही. जाळीने काढून बघू का विचारलं. नाही म्हणाला.
माझ्या वाट्याची पिल्लं बरी आहेत. बरी म्हणजे बरी.

१६ ऑगस्ट
विहीर काठोकाठ. आज दिसला! मुठीएवढा झालाय. टोपी फुगून गोंड्यासारखी. टाकीत मी एवढा केला नसता. कुणी अंड्याचा बलक दिला नाही, कुणी पंप लावला नाही, नुसते डास खाऊन. चीड आली. कुणाची ते कळत नाही.
दादा मागून: "बरो वाडलो ना रे?"


८ डिसेंबर
थंडी पडली. दादा सकाळी रापणीचा दोर घेऊन आला, टोक उसवलेलं, मी उसवतो अगदी तसंच. विहिरीत सोडला. ला. टो. एका मादीमागे फिरतोय म्हणे. मादी? एकशेपटी, कळकट, मी फेकलेल्यांतली! असल्या जोडीतून काय निपजणार, ते पहिलीतलं पोर सांगेल.
"बलक गाळूचा माका जमाचा नाय," दादा म्हणाला. "तू हात मारतलस? वाटो मेळतलो."
"आणि दुसरा?"
"दुसरो माजो. दोर कोणाचो?"
म्हटलं, मासा तरी कुणाचा ते सांग. हसला. घरी आलो. सदतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आता हात मारणाऱ्याचा एक वाटा घेणार? एकशेपटींचा?
सुमनला बलक गाळायचं फडकं कुठे ठेवलंय ते विचारलं. मे महिन्यातच धुऊन, घडी घालून ठेवलं होतं तिने. यंदा पाठ फिरवायला मात्र ती नको.