आळ्यातला सर्वांत रुंद जिना

आळे, ता. जुन्नर
१० मार्च १९९७

साडूभाऊ सावळेराम यांना गेणभाऊचा मंचरपर्यंत पोचेल एवढा मोठा रामराम.

आम्ही सगळे खुशाल. तुमची खुशाली विचारत नाही, कारण ती तुमची मेहुणी शीला रोज ऐकवते. ताईंच्या घराला स्लॅब पडला, ताईंनी स्लॅबवर कुरडया घातल्या, त्या एका उन्हात वाळल्या. (ऊन आळ्यातही तेच असतं, पण आमच्या पत्र्यावर पडतं म्हणून त्याला किंमत नाही.)

खरं सांगतो, तुमच्या स्लॅबचं मला काही वाटलं नव्हतं. पण आपले सासरे रखमाजीमामा त्यावर टाचा आपटत "जावई आसावा तर आसा" म्हणाले, आणि मी शेजारीच उभा होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरी आलो आणि पत्रे उतरवायला घेतले.

हिशेब मीच केला. वीस फूट लांब, पंधरा रुंद, पाच इंच जाड, म्हणजे सव्वाशे घनफूट. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी, तेव्हा सव्वाशेला सातांनी भागलं, आणि एका गोणीत सव्वा घनफूट सिमेंट, म्हणून आलेल्याला पुन्हा सव्वाने. आळेफाट्याच्या बूथवरून तुम्हाला फोन केला (विचारायला नव्हे, ऐकवायला). तुम्ही म्हणालात, "येईल त्याच्या दीडपट धरा, राव." सिमेंटचं दुकान असलेला माणूस दुसरं काय म्हणणार? मी फोन आपटला आणि मोजून चौदा गोण्या दुसऱ्याच दुकानातून आणल्या.

नारळ फुटला, मिक्सर फिरू लागला, घमेली हातोहात वर चालली. मापाच्या पेटीपाशी मी स्वतः ठाण मांडून होतो. तरी दोन हिस्से स्लॅब झाला आणि माल संपला. मागचा तिसरा हिस्सा नुसती सळयांची जाळी! खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट, आणि पाणी पडलं की तीन मोठ्या ढिगांचा एक लहान ढीग होतो. हे तुम्हाला ठाऊक होतं. मग दीडपट म्हणताना कारण सांगायला तोंड दुखत होतं का?

तेवढ्यात स्लॅबच्या जेवणाला मामा हजर. वर बघून म्हणाले, "ह्ये भगदाड कशापायी?"

"जिना, मामा. घरातून वर जायला."

"आन् सळया?"

"चोर उतरू नये म्हणून."

मामांनी बराच वेळ मान वर धरली, मग माझ्या पाठीत थाप मारली. "मंचरच्या पावण्याला न्हाई सुचलं ह्ये!" साडूभाऊ, त्या दिवशी मी मागून मागून जेवलो. सात फूट रुंद जिना आख्ख्या आळ्यात कुणाचा नाही.

तुमच्या दुकानाची भरभराट होवो, पण बेताने.

तुमचा,
गेणभाऊ

ता. क. मामा गुरुवारी तुमच्याकडे येत आहेत. तुम्हीही स्लॅब फोडून असाच जिना काढावा, असं त्यांच्या मनात आहे. "मला सुचलं नाही" एवढंच म्हणा. दीडपटीचा विषय नको.

ता. क. २. मामा गेले की सात गोण्या सिमेंट टेम्पोत घालून पाठवा. अंधार पडल्यावर आला तर बरं.

ता. क. ३. त्या सळयांखाली आमची न्हाणी आहे, आणि शेजारच्या भागूचं घर दुमजली. त्यामुळे शीला उद्या पहिल्या एसटीने, हेच बंद पाकीट घेऊन, ताईंकडे आंघोळीला येत आहे. आंघोळ झाल्यावर तिला केस वाळवायला स्लॅबवर तेवढं पाठवू नका. हात जोडून विनंती आहे.