घरचं कुणी

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं.

मी बरी आहे. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये अनोळखी लोकांच्या कवळ्या घडवते आणि घरी आले की माझ्याच तोंडाला कुलूप. आमचे मालक आता थकलेत, लॅब विकतायत. तूच घे, म्हणाले. हिंमत करून बँकेत कर्ज मागायला गेले, तर मॅनेजरनं क्रेडिट रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. माझ्या नावावर चारचाकीचं थकलेलं कर्ज! तू मागून धरल्याशिवाय जिला सायकलसुद्धा चालवता आली नाही, तिच्या नावावर! हसलीस ना? मीही हसले. मॅनेजर नाही हसला.

माझ्याच नावाची, माझ्याच जन्मतारखेची दुसरी कुणी बाई आहे. तिचं कर्ज मला येऊन चिकटलंय. हा रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीकडे मी तक्रार केली, ती फेटाळली गेली. वरून वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. पुन्हा तक्रार केली. या वेळी तिथली मुलगी भली निघाली. म्हणाली, "मावशी, हे कर्ज निघालं तेव्हा तुम्ही कर्जाच्या कागदांवरच्या पत्त्यावर राहत नव्हता, असं सांगणारं घरचं कुणी द्या. आम्ही फोन करून विचारू."

त्या वर्षी मी आईच्या उशाशी होते. तूही होतीस. जागरणं आपण वाटून घ्यायचो. आई गेल्यावर तिच्याच खोलीत आपण एकमेकींना जे बोललो, ते आता उगाळत बसत नाही.

मी मालकांचं नाव सुचवलं. ती म्हणाली, नात्यातलं हवं. शेजारच्या काकू जीव लावतात, पण त्या इथे राहायला आल्या त्याला वर्षही झालं नाही. मग मी तुझा नंबर सांगितला. अजून पाठ आहे. तिनं विचारलं, "त्या उचलतील ना?" मी ठासून हो म्हटलं, आणि घरी येईपर्यंत धीर गळाला.

म्हणून हे पत्र. मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. तुला अनोळखी नंबरवरून फोन येईल, तो उचल. ह्या बाई तुमच्या कोण, असं ती मुलगी विचारेल. तुला जे खरं वाटतं ते सांग. हे सगळं मी फोनवरच सांगणार होते, दोनदा नंबरही लावला. पण तू पलीकडून "कोण?" म्हणालीस तर काय सांगायचं, ते सुचेना.

तुला चालत असेल तर तुझीच,
ताई