रंगाऱ्याचा हात

३ मार्च

कोर्टात माझी साक्ष झाली, फोटोतले हात जुळवणारी तज्ज्ञ म्हणून. दुकानफोडीचा खटला, आत रखवालदार मेलेला. कॅमेऱ्यात चेहरा नाही, फक्त उजवा हात. आरोपी घरं रंगवणारा. त्याच्या वकिलाने विचारलं, "हा हात दुसऱ्या कुणाचा असू शकेल?" मी म्हटलं, अंगठ्याच्या सुरकुत्या जुळतात, मनगटाजवळचे तीन तीळ जुळतात, शक्यता फार कमी. किती कमी, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर? आकडा कुणाकडेच नाही.

बाहेर रंगाऱ्याची बायको उभी होती. रडणं नाही, भांडण नाही. "बाई, एकवीस वर्षं त्या हाताला मलम लावतेय मी. फोटोतला हात त्यांचा नाही."

मी पर्समध्ये उगाच चष्मा शोधत राहिले. चष्मा डोळ्यांवरच होता.

१० मार्च

दोषी. अकरा वर्षं.

२२ एप्रिल

ऑफिसात आमचीच परीक्षा. हातांच्या फोटोंच्या चाळीस जोड्या, नाव-गाव काही नाही. एकाच माणसाचे की वेगळे, एवढंच लिहायचं. तासाभरात उरकलं.

२९ एप्रिल

नऊ चुकल्या. नऊ! त्यातल्या सहा जोड्यांत दोन वेगळी माणसं होती आणि मी छातीठोकपणे 'एकच' लिहिलं होतं. साहेबांच्या सात चुकल्या. उजेड बाजूने पडला की सुरकुती उमटते, समोरून पडला की गायब. मूठ वळली की शीर सरकते. हे मला ठाऊक नव्हतं का?

रंगाऱ्याच्या खटल्यातला कॅमेऱ्याचा फोटो पुन्हा काढला. तिसरा तीळ... तीळ आहे की अंधुक फोटोतला डाग? आज सांगता येत नाही.

घरी नवरा म्हणाला, "तुला दिसलं ते तू सांगितलंस." हो. पण फाइल देतानाच हवालदार बोलला होता, "माणूस हाच आहे मॅडम, फक्त तुमची सही राहिलीय." मग मला दुसरं काय दिसणार होतं?

६ मे

साहेबांना सांगितलं, रंगाऱ्याचा अहवाल मागे घेते. त्यांनी दार लावून घेतलं.

"एक अहवाल मागे घेतलास तर दोनशे जुने खटले उघडतील."

"उघडू देत."

"त्यातले खरे गुन्हेगार सुटले तर जबाबदारी तुझी?"

चहा तसाच ठेवून मी बाहेर आले.

१२ मे

परस्पर रंगाऱ्याच्या वकिलाला पत्र लिहिलं. अहवालाची खात्री देता येत नाही, अपिलात हे वापरा. नोकरी गेली तर जाईल. पोस्टातल्या बाईने शिक्का मारला, मी पावती पर्समध्ये ठेवली.

१३ मे

झोप नाही. जेवणही नाही.

१९ मे

वकिलाचा फोन. पत्र पोचलं. पण गुन्हा कबूल करून अपील सोडलं तर शिक्षेतली चार वर्षं कमी होतात, म्हणून पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी रंगाऱ्याने कबुलीवर सही केली. अपील संपलं.

"तुमच्या पत्राचं काय करू?" त्याने विचारलं.